आठवडी बाजार हलवावा का? एका ऑनलाइन वादसभेच्या पहिल्या आवृत्तीचं प्रकरण

गावाचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, पण घटना घडल्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. प्रोग्रामिंग मी केलं. बाकीचं सगळं वाचनालयाच्या माणसांनी केलं, आणि खरं अवघड काम तेच होतं.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव. मंगळवारी मुख्य रस्त्यावर आठवडी बाजार भरतो. 2020च्या टाळेबंदीत बाजार बंद झाला, मग अधूनमधून भरत राहिला आणि 2022च्या सुरुवातीला पूर्ववत झाला. मधल्या काळात रस्त्यालगतच्या रहिवाशांना मोकळ्या रस्त्याची सवय झाली होती. बाजार परत भरू लागला तशी कुरबुर सुरू झाली: बाजार नदीपलीकडच्या मैदानात हलवा.

एरवी हा विषय नगरसेवकांच्या दारात सुटला असता किंवा तिथेच अडकला असता. पण नगरपरिषदेची मुदत संपलेली होती. राज्यभरातल्या निवडणुका ओबीसी आरक्षणाच्या प्रश्नावर न्यायालयात अडकल्या होत्या आणि कारभार प्रशासक म्हणून मुख्याधिकाऱ्यांकडे होता. म्हणजे कुणाकडे जाऊन भांडावं हेच लोकांना कळेना. भांडण मग व्हॉट्सॲपवर गेलं. वाचनालयाच्या वाचकांचा गट पुस्तकांसाठी काढलेला, तिथे दोन दिवसांत एकोणतीस माणसं गट सोडून गेली. एका निवृत्त शिक्षकांना त्यांच्याच विद्यार्थ्याने जे लिहिलं, ते वाचून ग्रंथपाल ताईंनी गट बंद केला आणि मला फोन केला. "आपल्या वाचनालयात पूर्वी वादसभा व्हायच्या. तशी मोबाइलवर घेता येईल का? पण कुणीतरी लक्ष ठेवणारं हवं."

मी पुण्यात नोकरी करते, गाव माझं माहेर. शनिवार-रविवार देईन म्हणाले.

अडचण

पहिल्या बैठकीत आम्ही अडचण चुकीची मांडली. आम्हाला वाटलं, प्रश्न शिवीगाळीचा आहे. शिव्या गाळल्या की चर्चा होईल. व्हॉट्सॲप गटातले जुने संदेश ताईंनी आणि सरांनी कागदावर उतरवून काढले, तेव्हा वेगळंच दिसलं. शिव्या फार थोड्या होत्या. बहुतेक ठिकाणी एकाने जे म्हटलंच नव्हतं त्याला दुसरा उत्तर देत होता. "रुग्णवाहिका अडकते" असं कुणी लिहिलं की खाली "गरिबांच्या पोटावर पाय देता का?" आणि त्याच्या खाली दोघांच्या घराण्यांचा इतिहास.

सर संस्कृतचे शिक्षक. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत, ते त्यांनी फळ्यावर लिहिले. तत्त्व कळावं म्हणून केला तो वाद. जिंकायचंच म्हणून केला तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त पाडायचं, ती वितंडा. "आपल्या गटात वितंडा चाललीय," ते म्हणाले. "आणि तिला औषध एकच. आधी पूर्वपक्ष मांडायला लावा. समोरचा काय म्हणतो ते त्याला पटेल असं सांगता आलं, तरच उत्तर द्यायचा अधिकार."

ही एक सूचना पुढे सगळ्या रचनेच्या मध्यभागी आली.

समोरचे पर्याय

तयार साधनं होती. डिस्कोर्स हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर बसवता आलं असतं. त्यात माणसाचा वावर पाहून त्याला हळूहळू जास्त अधिकार देण्याची सोय आहे. ती कल्पना आम्ही उचलली. पण त्याचा पडदा गावातल्या पन्नाशीच्या माणसाला गोंधळात टाकणारा होता.

दुसरा पर्याय पोलिस (Pol.is) नावाच्या ऑनलाइन साधनाचा; पोलिसांशी त्याचा संबंध नाही. तैवानमध्ये 2015 साली उबरच्या नियमनावर सार्वजनिक चर्चा झाली, तिथे हे वापरलं गेलं. त्यात कुणाला उत्तर देताच येत नाही. आपलं विधान लिहायचं आणि इतरांच्या विधानांवर सहमत, असहमत किंवा पुढे, एवढंच. भांडणाला जागाच उरत नाही. मला हे फार आवडलं होतं. ताईंनी मात्र साफ नकार दिला. "आपल्याकडे माणसाला उत्तर द्यायचंच असतं. तोंड बंद केलं तर तो परत व्हॉट्सॲपवर जाईल." आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या बरोबर होत्या. तरीही सुरुवातीचे चार-पाच दिवस नुसती विधानं गोळा करून मग उत्तरं उघडली असती, तर आमचा पहिला आठवडा इतका तापला नसता.

शेवटी स्वतः लिहायचं ठरलं: वेबसाइट बांधायला जँगो, माहिती साठवायला पोस्टग्रेस, भाड्याचा एक लहान सर्व्हर. कामाला तीन महिने लागले. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ प्रोग्राम लिहिण्यात गेला नाही, चार निर्णयांवर वाद घालण्यात गेला.

पहिला निर्णय नावाचा. खरं नाव दाखवायचं की टोपणनाव? खऱ्या नावाने माणूस जपून बोलतो, हे खरं. पण रस्त्यावरच्या दुकानाचा एक भाडेकरू आम्हाला म्हणाला, "मालक बाजार हलवा म्हणतात. माझं गिऱ्हाईक बाजारामुळे येतं. मी खऱ्या नावाने लिहिलं तर जागा खाली करावी लागेल." तेव्हा ठरलं की वाचनालयाला खरं नाव ठाऊक असेल, पडद्यावर टोपणनाव दिसेल आणि एका वादात ते बदलता येणार नाही.

दुसरा निर्णय ओळख पटवण्याचा. मोबाइलवर ओटीपी पाठवायचा तर एसएमएसच्या नियमांनुसार दूरसंचार कंपन्यांकडे संस्थेची, शीर्षकाची आणि मजकुराच्या नमुन्याची नोंदणी करावी लागते. त्याला वेळ जाणार होता. ताईंनी सोपा मार्ग काढला. माणसाने वाचनालयात यायचं, ताई त्याला ओळखतात किंवा ओळखपत्र पाहतात, मागच्या बाजूला कोरं असलेलं जुनं देवघेव कार्ड अर्धं फाडून त्यावर सहा आकडी क्रमांक लिहून देतात. तो टाकला की खातं उघडलं. वेळकाढू वाटलं, पण खोटं खातं एकही निघालं नाही. शिवाय माणूस काउंटरपाशी उभा असताना ताई त्याला दोन नियम तोंडी सांगत. पडद्यावरचे नियम कुणी वाचत नाही; ताईंनी सांगितलेले लोकांच्या लक्षात राहिले.

तिसरा, मजकूर आधी तपासायचा की आधी दाखवून मग तपासायचा. चौथा, मॉडरेटरने, म्हणजे नोंदी तपासणाऱ्याने, मजकुरात फेरफार करायचा का. चौथ्यावर माझं मत ठाम होतं: एक अक्षरही बदलायचं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 खाली मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर दाखवणाऱ्या संकेतस्थळाला, जे संरक्षण मिळतं, त्यात मजकूर स्वतः बदलायचा नाही ही अट आहे. पण कायद्यापेक्षाही मोठं कारण असं की सभ्य केलेलं वाक्य त्या माणसाचं राहत नाही. म्हणून मजकूर एकतर जाईल किंवा कारणासह लेखकाकडे परत जाईल. याच कायद्याखालच्या 2021च्या नियमांप्रमाणे तेव्हा तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करणं, 24 तासांत पोच देणं आणि 15 दिवसांत निकाल लावणं आलं. ते काम ताईंनी घेतलं.

आधी तपासायचं, हेही ठरलं. तीन मॉडरेटर: सर, ताई आणि कॉलेजातली एक मुलगी. सकाळी 8 ते रात्री 10, पाळ्या लावून.

एक लहान गोष्ट राहिली. आम्ही त्यांना आधी "पंच" म्हणत होतो. पहिल्याच दिवशी दोघांनी काउंटरवर विचारलं, "पंचांनी निकाल काय दिला?" गावात पंच म्हटलं की निवाडा आला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे "मॉडरेटर" केलं.

काय घडलं

वाद श्रावणात उघडला. पहिल्या आठवड्यात 140 खाती झाली.

मंगळवारी संध्याकाळी बाजार उठल्यावर लोक लिहायला बसले आणि रांगेत साठेक नोंदी तुंबल्या. पाळी एकट्या सरांची होती. कुणाची नोंद चार तास अडकली, कुणाची सकाळपर्यंत. इकडे व्हॉट्सॲपवर निरोप फिरायला लागले की व्यापाऱ्यांचं म्हणणं दडपतात.

त्यात माझी एक चूक आगीत तेल ओतून गेली. एका व्यापाऱ्याने शोधाच्या चौकटीत "व्यापाऱ्यांचं" असं टाकलं आणि त्याला स्वतःचीच नोंद दिसली नाही. त्याने पडद्याचा फोटो काढून पाठवला: "हा घ्या पुरावा." नोंद जागेवर होती. दोष त्या अर्ध्या र-चा होता. मराठीत "ऱ्या" संगणकावर दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्ता असलेला स्वतंत्र ऱ आणि हलन्त येतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यामागून न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही एकच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या पद्धतीचं, नेहमीचं एकरूपीकरण मी केलं होतं, पण त्याने ही दोन रूपं एक होत नाहीत. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. दोन ओळींचं काम. पण त्या दोन ओळी नव्हत्या म्हणून निम्म्या व्यापाऱ्यांचा सरांवरचा विश्वास उडाला. "शेतकऱ्यांना", "दुसऱ्यांचं", "कोपऱ्यावरचा" — मराठीत असा शब्द नाही अशी नोंद सापडणं कठीण. मी मराठी असून हे मला आधी सुचायला हवं होतं.

असंच अक्षरमर्यादेचं झालं. 600 अक्षरांची मर्यादा ठेवली आणि लोक म्हणू लागले, अर्ध्यातच तोडतं. "स्त्रियांच्या" हा आपल्या लेखी तीन अक्षरांचा शब्द, संगणक त्यात 13 चिन्हं मोजतो. मर्यादा शब्दांत मोजायला लागलो, ती तक्रार संपली.

तुंबलेल्या रांगेवर उपाय म्हणून आम्ही नियम सैल केला. ज्याच्या तीन नोंदी मान्य झाल्या त्याची चौथी थेट दिसेल, तपासणी नंतर होईल. हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय होता आणि तो आम्ही फोनवर दहा मिनिटांत घेतला.

चौथ्या दिवशी रात्री पावणेबाराला, तीन सभ्य नोंदी केलेल्या एका माणसाने एका भाजीवालीच्या जातीवरून दोन ओळी लिहिल्या. नाव नव्हतं, पण "वडाखालची" असं होतं, आणि वडाखाली एकच बाई बसते. त्या ओळी सकाळी सातपर्यंत तशाच राहिल्या. ताईंनी उठल्याउठल्या काढल्या, तोवर फोटो गावभर गेला होता.

पुढच्या मंगळवारी ताई, सर आणि मी तिघं वडाखाली गेलो. मावशी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. ताई म्हणाल्या, "मावशी, आमच्याकडून चूक झाली. आमच्या राखणीत हे लिहिलं गेलं." त्यांनी हात थांबवला नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "लिहिणाऱ्याला मी वळखते. तुमी मला इचारायला कवा आला होता, बाजार हलवायचा का म्हून?"

आम्ही गेलोच नव्हतो. 140 खात्यांत बाजारात बसणाऱ्या बायकांचं एकही नव्हतं. ज्यांच्या बसण्याच्या जागेचा वाद, त्याच त्यात नव्हत्या, आणि हे तोवर आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

दुरुस्त्या

त्याच आठवड्यात चार गोष्टी बदलल्या.

रात्री 10 ते सकाळी 7 सभा बंद. लिहून ठेवता येईल, पण दिसेल सकाळी. लिहिणाऱ्यांपैकी काहींनी सकाळी स्वतःच्याच नोंदी मागे घेतल्या, हे आम्हाला अनपेक्षित होतं.

परत पाठवलेल्या प्रत्येक नोंदीचं कारण सगळ्यांना दिसेल असं केलं. मजकूर नाही, लेखकाचं नाव नाही. फक्त "एक नोंद परत पाठवली, कारण: व्यक्तीच्या घराण्याचा उल्लेख", खाली मॉडरेटरचं नाव आणि वेळ. सरांना हे आधी पटलं नाही. रोज आपल्या निर्णयांची यादी गावासमोर टांगल्यासारखं त्यांना वाटलं. पण दडपल्याच्या तक्रारी याच बदलाने ओसरल्या. कुणाच्या किती नोंदी परत गेल्या हे दोन्ही बाजूंना मोजता यायला लागलं, आणि आकडे साधारण सारखे निघाले.

पसंतीचा अंगठा काढून टाकला. एका बाजूने माणसं जमवून अंगठे देणं चालवलं होतं.

आणि कॉलेजच्या दोन मुली वही घेऊन बाजारात बसू लागल्या. बाई सांगेल ते तिच्याच बोलीत लिहायचं, वाचून दाखवायचं, तिने हो म्हटलं की सही किंवा अंगठा घ्यायचा आणि "सांगून लिहून घेतलेलं" अशा खुणेसह टाकायचं. यावर आक्षेप आला की हे तुम्हीच लिहिता. आक्षेप रास्त होता. वही वाचनालयात कुणालाही पाहता येईल अशी ठेवली, पण आवाज रेकॉर्ड करून ठेवणं जास्त बरं झालं असतं.

पूर्वपक्षाची चौकट

सरांची ती सूचना पहिल्या दिवसापासून होती. कुणाला विरोधी उत्तर द्यायचं तर आधी दोन ओळींत त्याचं म्हणणं लिहायचं. ते त्या माणसाकडे जाई. तो "हो, हेच" किंवा "नाही, असं नाही" म्हणे. आधी आम्ही त्याची संमती सक्तीची केली होती. मग लक्षात आलं की माणूस नुसता गप्प बसून समोरच्याचं उत्तर कायमचं अडवू शकतो. म्हणून 24 तासांत काही न म्हटल्यास उत्तर आपोआप पुढे जाऊ लागलं.

यामुळे नोंदी कमी झाल्या, हे मान्य करायला हवं. कंटाळून काहींनी लिहिणं सोडलं. पण जे घडलं त्यातला एक प्रसंग मी विसरणार नाही. एका कापड दुकानदाराने रस्त्यावरच्या रहिवाशाचा पूर्वपक्ष लिहिला: "यांना बाजारच नको आहे, घाण आणि गर्दी वाटते." रहिवाशाने "नाही" दाबलं आणि लिहिलं: "माझं म्हणणं बाजार नको असं नाही. वडिलांना मंगळवारी झटका आला, रुग्णवाहिका चौकातच थांबली. मला मंगळवारी एक वाट हवी आहे."

दुकानदाराने पुन्हा लिहिलं: "यांना मंगळवारी एक वाट हवी आहे." रहिवाशाने "हो" दाबलं. त्यानंतर "हलवावा की नाही" हा प्रश्न मागे पडला आणि "वाट कुठून, किती रुंद, कुणी मोकळी ठेवायची" यावर लोक लिहू लागले.

पावती

तिसऱ्या आठवड्यात एका वकिलाने पथविक्रेता अधिनियम 2014 मांडला. ज्या बाजारात विक्रेते 50 वर्षांहून जास्त काळ बसत आहेत तो वारसा बाजार जाहीर करावा आणि तिथून विक्रेत्यांना हलवू नये, अशी त्यात तरतूद आहे. हा कायदा आठवडी बाजाराला लागू होतो का, यावर दोन दिवस चांगला वाद झाला. पण त्याआधी प्रश्न होता, बाजार किती जुना? म्हातारी माणसं बाहत्तरच्या दुष्काळातल्या बाजाराच्या आठवणी सांगत होती, कागद मात्र कुणाकडे नव्हता.

वडाखालच्या मावशींचा नातू वाचनालयात आला. प्लास्टिकच्या पिशवीत घडी पडून चिरलेली एक पावती, जागाभाड्याची, 1969 सालची, त्याच्या पणजीच्या नावाची. "हिचा फोटो टाकता येत नाही," तो म्हणाला. खरंच येत नव्हता. व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड इथे नकोत म्हणून पहिल्या आवृत्तीत चित्रं मी मुद्दाम बंद ठेवली होती. त्या निर्णयाने कचरा अडवला आणि पुरावाही अडवला. ताईंनी पावती काचेखाली ठेवून वाचनालयात लावली आणि वादात तिचं वर्णन लिहिलं. माणसं ती बघायला येत होती.

निष्पत्ती

वाद 34 दिवस चालला. शेवटी आम्ही कौल घेतला नाही. कुठले मुद्दे दोन्ही बाजूंना मान्य आहेत आणि कुठले नाहीत, एवढं सहा पानांत लिहून मुख्याधिकाऱ्यांना दिलं. त्यात वाटेची सूचना होती, पावतीची प्रत होती आणि ज्यांना अजूनही बाजार हलवायला हवा आहे त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत होतं.

दिवाळीनंतर नगरपरिषदेची माणसं मंगळवारी पहाटे रस्त्याच्या एका कडेने चुन्याची रेघ मारू लागली. रेघेच्या आत कुणी बसायचं नाही. हे आमच्या सहा पानांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्याच सुमारास आणखी दोन निवेदनं गेली होती. हलवण्याचा प्रश्न निवडून आलेलं मंडळ येईपर्यंत तसाच ठेवला गेला. रेघ पाऊस पडला की धुऊन जाते आणि मग पुन्हा बोलाचाली होते.

कॉलेजातली मॉडरेटर मुलगी तिसऱ्या आठवड्यात थांबली. लोकांनी लिहिलेलं वाईटसाईट रोज पहिल्यांदा तीच वाचत होती, आणि ते कुणापाशी बोलावं याची काहीच सोय आम्ही केली नव्हती. याचं मला आजही वाईट वाटतं.

पुन्हा करायचं झालं तर

प्रोग्रामची एक ओळ लिहायच्या आधी दोन मंगळवार बाजारात बसेन. वाद ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्या वीस-पंचवीस नोंदी वहीत आल्याशिवाय पडदा उघडणार नाही.

कारण देण्याची चौकट सर्वांत आधी बांधेन. आमच्याकडे लिहिण्याची चौकट देखणी होती आणि मॉडरेटरच्या बाजूला फक्त दोन बटणं होती, हो आणि नाही. कामाचा सगळा भार त्या दोन बटणांवर पडला.

थेट नोंदीची सवलत द्यावी लागली तरी व्यक्तीचा, घराण्याचा किंवा जागेचा उल्लेख असलेली नोंद तपासल्याशिवाय दिसू देणार नाही. शब्दांची यादी लावून हे होत नाही. "वडाखालची" हा शब्द कुठल्याच यादीत नसतो. गावाची माहिती असलेला माणूसच तो ओळखू शकतो. म्हणून मॉडरेटर तीनऐवजी सहा, दोघांची पाळी, आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी वाचनालयात बसून काय वाचलं ते बोलायचं.

चित्रांना परवानगी, पण फक्त कागदपत्रांच्या, आणि मूळ कागद ताईंना दाखवल्यावरच.

दुसरी आवृत्ती सध्या सुरू आहे. पुढचा विषय उन्हाळ्यातल्या टँकरच्या पाळ्यांचा आहे. आवाज रेकॉर्ड करण्याची सोय झाली, तेव्हा पहिली चाचणी घ्यायला आम्ही वडाखाली गेलो. मावशींनी फोन तोंडाजवळ धरला, जरा विचार केला आणि विचारलं, "हे माज्या आवाजातच ऐकू येईल ना समद्यांना?" हो म्हटल्यावर त्या सलग चार मिनिटं बोलल्या.